विरी

गेल्या पंधरवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर वाद झाला आणि तो अजून माझ्या डोक्यातून जात नाही. पुतण्या पाचवीत जातोय, त्याला सेमी इंग्रजीत घालायचं दादाने ठरवलंय. मी एवढंच लिहिलं, की विज्ञान तरी मराठीत राहू दे. दादाचं उत्तर आलं: "विज्ञान इंग्रजीतच कळतं. मराठीत नुसतं पाठांतर होतं. आणि तू कोलोनमध्ये बसून आम्हाला मराठीचं सांगू नकोस." खाली तीन चुलतभावांचे अंगठे.

शेवटचं वाक्य लागलं, पण संताप आला तो पहिल्या वाक्याचा. कारण त्याच आठवड्यात वहिनीने फोनवर सांगितलं होतं, की पुतण्याने वर्गात विचारलं, भाकरी का फुगते? बाईंनी त्याला खाली बसवलं. पोर्शनमध्ये नाही म्हणाल्या. म्हणजे प्रश्न मराठीतच पडला होता. उत्तर द्यायला कुणी नव्हतं, यात मराठीचा काय दोष?

इथे जर्मनीत आमच्याकडे रविवारी सकाळी ब्रोटशन, म्हणजे छोटे पाव, आणून झाले की टीव्हीवर 'माउस' हा मुलांचा कार्यक्रम लागतो. नारिंगी उंदीर, निळा हत्ती. १९७१ पासून तो चालू आहे आणि त्याचं निम्मं काम एकच, लोकांना पडलेल्या साध्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. टूथपेस्टमध्ये पट्टे कसे येतात? हिरव्या स्वेटशर्टातला क्रिस्तोफ असा प्रश्न घेऊन थेट कारखान्यात जातो, वस्तू कापून आतून दाखवतो. पट्ट्यांचं उत्तर आहे ट्यूबच्या गळ्यात. तिथे आत शिरलेली एक छोटी नळी असते, तिच्याभोवती रंगीत पेस्ट, बाकी सगळीकडे पांढरी. ट्यूब दाबली की पांढरी नळीतून येते आणि रंगीत तिच्या बारीक भोकांतून कडेकडेने. हे मी आत्ता मराठीत सांगितलं. काही अडलं?

गेल्या वर्षी ३ ऑक्टोबरच्या सुट्टीला, ज्या दिवशी एरवी बंद असलेली दारं 'माउस'साठी मुलांना उघडतात, मी लेकीला सांडपाण्याच्या केंद्रात घेऊन गेले. तिथल्या कामगाराने चाळीस मुलांना तासभर कोलोनच्या कोल्श बोलीत सांगितलं, की संडासात टाकलेलं पाणी पुढे कुठे जातं. प्रत्येक प्रश्नावर थांबला. एकालाही 'नंतर कळेल' म्हणाला नाही. मी मागे उभी राहून ऐकत होते आणि आत काहीतरी कुरतडत होतं. सांगलीला आमच्या नळाला पाणी कुठून येतं, हे विचारल्यावर मला 'नदीतून' याच्यापुढे कुणी काही सांगितलं नव्हतं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. जर्मनमध्ये ऑक्सिजनला साउअरश्टोफ म्हणतात, म्हणजे आंबट द्रव्य, आणि ते नाव चुकीच्या समजुतीवर आहे, कारण सगळ्या आम्लांत ऑक्सिजन असतोच असं पूर्वी वाटायचं. तरी इथलं पोर तोच घरचा शब्द वापरून शिकतं. आपला प्राणवायू तर त्याहून नेमका आहे, हेही लिहिलं. दादाने विचारलं, "आणि प्रकाशसंश्लेषणाला जर्मन काय म्हणतात?" फोटोझिंथेझं म्हणतात. मी उत्तर दिलं नाही. "तुझ्या ऑफिसातले रिपोर्ट कुठल्या भाषेत असतात?" यालाही दिलं नाही. इंग्रजीत असतात.

दादाचं सगळंच चूक आहे असं मी म्हणत नाही. मेडिकलची 'नीट' परीक्षा आता मराठीतून देता येते, पण पुढची पुस्तकं इंग्रजीच असतात आणि पोराला पुढे जाऊन धाप लागू नये, ही बापाची काळजी खरी आहे. पण मराठीत विज्ञान कळत नाही, हे मी ऐकून घेणार नाही. पुण्यात 'सृष्टिज्ञान' मासिक १९२८ साली निघालं. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते आहे. नारळीकर सरांकडे मुलं सही मागायला गेली, की ते म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न विचार, उत्तराखाली सही मिळेल. आणि उत्तरं यायची. तो माणूस १९७२ मध्ये केंब्रिज सोडून परत आला होता. हे वाक्य मी ग्रुपवर लिहिलं आणि पाठवण्याआधी पुसलं. पुढे दादा काय विचारेल हे मला माहीत होतं.

शेवटी ठरवलं, वाद पुरे, पोराला उत्तर देऊ. भाकरीचं उत्तर आईच्या हातात होतं, फक्त तिला ते विज्ञान आहे असं कुणी म्हटलं नव्हतं. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, तो येतो ग्लुटेनमुळे, आणि ज्वारीत ग्लुटेन नाही. म्हणून भाकरी कडेला चिरते. आई पीठ चिमटीत घेऊन म्हणायची, "याची विरी गेली, आधण घाल." उकळतं पाणी पडलं की पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि गेलेली विरी थोडी परत येते. मग भाकरी तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, म्हणजे सुटं पीठ ओलं होऊन बारीक भेगा बुजतात. दोन्ही बाजू शेकल्या की वर-खाली दोन सुके पापुद्रे तयार होतात, मधे अजून ओल. आता भाकरी आरावर धरा. त्या ओलीची वाफ होते, आणि पाण्यापेक्षा वाफेला सुमारे १६०० पट जागा लागते. बाहेर जायला वाट नाही, म्हणून ती पापुद्रा उचलते. कुठे भोक पडलं असेल तर वाफ तिथून निसटते आणि भाकरी बसते. एवढंच आहे.

आज हे सलग लिहिता आलं, पण त्या दिवशी नाही. पुतण्यासाठी आवाज रेकॉर्ड करायला घेतला आणि पहिल्याच वाक्यात म्हणाले, "आत स्टीम तयार होते आणि प्रेशरमुळे वरची लेयर सेपरेट होते." पुसलं. दुसऱ्यांदा 'मॉइश्चर' आलं. पुन्हा पुसलं. अभियांत्रिकीची चार वर्षं आणि इथली अकरा, यांत माझ्या मराठीकडे स्वयंपाकघर उरलं आणि रडणं उरलं. 'का' आणि 'कसं' दुसरीकडे गेले. लेकीला 'पाणी आण', 'चप्पल घाल' मराठीत कळतं. पण आकाश निळं का, हे तिने मला जर्मनमध्ये विचारलं आणि मी जर्मनमध्ये सांगितलं, कारण घाई होती. नऊ वर्षं घाईच होती. दादा म्हणतो त्यातलं अर्धं माझ्याच घरात खरं झालंय, आणि ते मी केलंय.

तिसऱ्यांदा डोळे मिटले, आईची परात आठवली आणि बोलत गेले. विरी, आधण, पापुद्रा, आर. चार मिनिटं. लेक ओट्याला टेकून ऐकत होती.

'माउस'च्या सुरुवातीला दर रविवारी आजचे विषय आधी जर्मनमध्ये सांगतात, मग तेच एका परक्या भाषेत, आणि शेवटी आवाज येतो: 'ती स्पॅनिश होती', 'ती तुर्की होती'. मुलांनी ओळखायचं असतं. मराठी मी तिथे कधी ऐकलेली नाही, तरी इतकी वर्षं दर रविवारी कान देते.

रेकॉर्डिंग थांबवलं. लेकीने क्षणभर वाट पाहिली आणि अगदी त्याच आवाजात म्हणाली, "दास वार मराठी."