त्या रस्त्याला हलवू नका

सकाळी सकाळी ग्रुपवर एक व्हिडिओ आला आणि डोकंच फिरलं. डॅनिश चित्रकार क्रिस्टन क्योब्केचं १८३६ मधलं चित्र. कोपनहेगनच्या तटाबाहेरचा ऑस्टरब्रोचा रस्ता, सकाळचं ऊन. कुणीतरी एआयकडून ते हलवून घेतलंय. माणसं चालतायत, पक्षी उडतायत, मागे व्हायोलिन. वर लिहिलंय, 'चित्रात जीव आला!'

अरे, गेला होता कधी?

भावाकडे कोपनहेगनला गेलो होतो तेव्हा तिथल्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आईला घेऊन गेले होते. आईला चित्रांतलं काही कळतं असं तीच म्हणणार नाही. पर्स मांडीवर धरून या चित्रासमोर बसली. म्हणाली, "सातचा सुमार असेल गं. सावल्या बघ केवढ्या लांब." मी पुढची दोन दालनं फिरून आले, ही तिथेच.

क्योब्के तेव्हा सव्वीस वर्षांचा. वडील किल्ल्यातले बेकर, पुढे घर तटाबाहेर तळ्याकाठी. म्हणजे हा सगळा भाग त्याच्या रोजच्या पायाखालचा. संरक्षणासाठी तटाबाहेर बांधकामाला बंधनं होती, म्हणून तिथे आभाळ एवढं मोकळं. १८०७ मध्ये इंग्रजांनी शहरावर तोफा डागल्या, १८१३ मध्ये सरकारचंच दिवाळं निघालं. अशा गावात वाढलेला मुलगा एवढा मोठा कॅनव्हास घेतो आणि त्यावर ना लढाई काढतो ना राजा. रस्ता काढतो. तो शांत ठेवायचा हे त्यानं ठरवलं होतं! तुम्ही कोण त्यात व्हायोलिन घुसवणारे?

भाऊ म्हणतो, पोरं त्या निमित्तानं तरी बघतात. बघत असतील.

त्या माणसाच्या वाट्याला आधीच कमी आलं हो. १८४६ मध्ये तिथल्या कला अकादमीनं सदस्यत्व नाकारलं, १८४८ मध्ये न्यूमोनियानं गेला. सदतिसाव्या वर्षी.

मघाशी आईला तो व्हिडिओ दाखवला. तिनं चष्मा पुसला, दोनदा बघितला. मग बोट ठेवून म्हणाली, "हा माणूस पुढे गेला बघ, आणि त्याची सावली मागेच राहिली."

मी चारदा बघूनही मला ते दिसलं नव्हतं.

ग्रुपवरच्यांनी रागावू नका, पण मी तो डिलीट केलाय. मूळ चित्राचा फोटो टाकतेय. मोठा करून बघा, सावल्यांपासून सुरुवात करा.