विकत घेतलेल्या इंजिनाचे निकाल छापायला परवानगी कसली?

बुद्धिबळाचं एखादं इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा संगणक प्रोग्राम, पैसे मोजून घ्यायचं, घरच्या संगणकावर दुसऱ्या इंजिनाशी रात्रभर खेळवायचं आणि सकाळी गुणफलक सगळ्यांसमोर मांडायचा. यात कंपनीची परवानगी कुठून आली? तरी "लायसन्स वाचा, असे आकडे जाहीर करता येत नाहीत" असं बजावणारं कोणीतरी भेटतंच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंजिनांच्या ताकदीबद्दल आपल्याला जे काही खात्रीने माहीत आहे, त्यातलं बरंचसं हौशी लोकांनी शोधलेलं आहे. स्वीडनमधल्या एसएसडीएफ या संगणक-बुद्धिबळाच्या संघटनेचे सदस्य 1984 पासून इंजिनांची मानांकन यादी काढत आले. 40 चालींना दोन तास, अशा संथ गतीने एकेक डाव. सुरुवातीच्या काळात तर एका यंत्राची चाल हाताने दुसऱ्या यंत्रावर करायची! कंपन्यांच्या जाहिराती तेव्हाही छातीठोकच असायच्या, पण जाणकार गिऱ्हाईक आधी स्वीडनची यादी बघायचं. आज ते काम सीसीआरएल आणि सीईजीटी या याद्या करतात, तेही स्वयंसेवकांच्या जिवावर.

आता त्या लायसन्सच्या अटीबद्दल. "आमच्या लेखी संमतीशिवाय चाचणीचे निकाल उघड करू नयेत" ही अट बुद्धिबळातून आलेली नाही, ती मोठ्या सॉफ्टवेअरच्या व्यवसायातली जुनी खोड आहे. मॅकॅफी अँटीव्हायरस विकणाऱ्या नेटवर्क असोसिएट्सने तर परवानगीशिवाय परीक्षणही छापू नका, असं ग्राहकांना बजावलं होतं. न्यूयॉर्कचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी कंपनीला कोर्टात खेचलं आणि 2003 च्या जानेवारीत कोर्टाने ती अट वापरायला मनाई केली. तो निकाल न्यूयॉर्कपुरता, आपल्याकडे तो लागू नाही, हे मान्य. पण कंपनीने लिहिलं म्हणजे ते कायद्यात बसलंच, असं नसतं एवढं तरी त्यातून कळतं.

चाचणी फक्त बनवणाऱ्याच्या हातात राहिली की काय होतं, याचं माझं आवडतं उदाहरण विकाऊ इंजिनाचं नाही. डिसेंबर 2017 मध्ये गूगलच्या डीपमाइंड कंपनीने जाहीर केलं की त्यांच्या अल्फाझीरो या प्रोग्रामने स्टॉकफिश 8 या फुकट मिळणाऱ्या इंजिनाविरुद्धच्या 100 डावांत 28 जिंकले, 72 बरोबरीत सोडवले आणि एकही हरला नाही. जगभर टाळ्या वाजल्या. मग जाणकारांनी अटी वाचल्या. स्टॉकफिशला एकाच वेळी गणित करणारे 64 थ्रेड, पण आधी तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवणारी हॅश मेमरी जेमतेम एक जीबी. घड्याळ नाही, प्रत्येक चालीला ठरावीक एक मिनिट, त्यामुळे अवघड जागी जास्त वेळ द्यायची सोयच नाही. आणि बघायला दिलेले डाव किती? दहा! उरलेले नव्वद कोणी पाहायचे? पुढच्या वर्षी 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात 1000 डावांची सुधारलेली लढत छापून आली. त्यात हॅश 32 जीबी, खरं घड्याळ, डावही दोनशेच्या वर खुले. अल्फाझीरो तरीही जिंकला, 155 विरुद्ध 6. म्हणजे दमदार प्रोग्रामचं कडक चाचणीने काहीच बिघडलं नाही. पण दोन वेळचे आकडे शेजारी ठेवून बघा: पहिल्या खेपेला शंभर डावांत 28 विजय, दुसऱ्या खेपेला शंभरामागे साधारण 15.

फॅट फ्रिट्झ 2 या इंजिनाची गोष्ट मात्र थेट दुकानातली. 2021 च्या सुरुवातीला चेसबेस या जर्मन कंपनीने ते जवळपास शंभर युरोंना विकायला काढलं, जगातलं नंबर एक म्हणून. आत होतं स्टॉकफिश, वेगळं न्यूरल नेटवर्क बसवलेलं. फुकट मिळणाऱ्या स्टॉकफिशच्या पुढे ते ठामपणे गेल्याचं स्वतंत्र याद्यांमध्ये काही दिसेना. स्टॉकफिश ज्या मुक्त परवान्याखाली दिलं जातं, त्या जीपीएलचा भंग झाला म्हणून स्टॉकफिशवाले म्युनिकच्या कोर्टात गेले, नोव्हेंबर 2022 मध्ये तडजोड झाली आणि ते उत्पादन विक्रीतून गेलं. कोर्टातला वाद परवान्याचा होता, खरं आहे. पण शंभर युरो टाकावेत की नाही, हा प्रश्न पडलेल्या माणसाला उत्तर याद्यांनीच दिलं. त्या याद्या कंपनीच्या मर्जीवर असत्या तर?

कंपन्यांची एक तक्रार मला पटते. काही जण वीस डाव खेळवून "अमुक इंजिन संपलं" अशी दवंडी पिटतात. अहो, शंभर डाव खेळवले तरी मानांकनात पन्नासेक गुण इकडे-तिकडे होऊ शकतात. वीस डावांत तर नुसता योगायोग बोलतो. एका लहानशा खोलीत बसून इंजिन लिहिणाऱ्या एकट्या माणसाचं अशा पोस्टने खरंच नुकसान होतं. पण त्यावर उपाय तोंड बंद करण्याचा नाही. प्रोसेसर कोणता, हॅश किती, वेळ किती, ओपनिंग बुक (सुरुवातीच्या तयार चालींचा साठा) कुठलं, तीच सुरुवात दोन्ही रंगांनी खेळवली का, हे सगळं निकालासोबत लिहा आणि सगळे डाव पीजीएनमध्ये, म्हणजे चाली नोंदवण्याच्या नेहमीच्या फाईलमध्ये, द्या, हरलेलेसुद्धा. कंपनीला निकाल चुकीचा वाटला तर तिनेही त्याच अटींवर डाव खेळवून स्वतःची फाईल टाकावी. मी दोन्ही उघडून बघेन.