इंग्रजीच्या तासाला मराठी व्याकरण वर्गाबाहेर का?

सध्या चाचणीचे पेपर तपासणं चालू आहे. आठवीच्या इंग्रजीत एकच चूक गठ्ठ्याने सापडते: 'ही सेड दॅट आय विल कम टुमारो.' डायरेक्टचं इनडायरेक्ट करा म्हटलं की बऱ्याच जणांचं हेच उत्तर. स्टाफरूममध्ये यावर ठरलेलं वाक्य येतं, "कितीही घोकून घ्या, यांच्या डोक्यात काही शिरतच नाही."

मला हे पटत नाही. या पोरांच्या डोक्यात आधीच एक व्याकरण पक्कं बसलंय, खरी गोष्ट ही आहे. आपण मराठीत काय म्हणतो? 'तो म्हणाला की मी उद्या येतो.' बोलणाऱ्याचं वाक्य आहे तसं उचलायचं आणि आधी 'की' जोडायचा. 'मी'चा 'तो' करायची गरज नाही, काळ मागे ढकलायची तर नाहीच नाही. मुलाने मराठीचा नियम इमानदारीत इंग्रजीत लावला. आपण त्यावर लाल फुली मारतो आणि खाली 'विल'चा 'वुड' होतो एवढं लिहून मोकळे होतो. चूक कुठून आली हे त्याला कोणी सांगतच नाही, म्हणून पुढच्या चाचणीत ती परत येते.

मी मराठी माध्यमाच्या शाळेत सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवते. माझं म्हणणं एवढंच आहे: ज्या वर्षांत मुलं मराठीच्या तासाला प्रयोग, समास, अलंकार शिकतात, त्याच वर्षांत इंग्रजीच्या तासाला व्हॉइस, टेन्स आणि फिगर्स ऑफ स्पीच शिकतात. भिंत एक, तास शेजारी-शेजारी, आणि दोन्ही तासांची एकमेकांशी ओळख नाही. उलट इंग्रजीच्या तासाला मराठी बोललं की शिक्षा. काही शाळांत दंडसुद्धा घेतात म्हणे. पाच-सहा वर्षांत मिळवलेली शिदोरी दाराबाहेर ठेवून आत या, असाच हा प्रकार झाला.

आणि ही दोन व्याकरणं काही परकी नाहीत. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण प्रसिद्ध केलं, तेव्हा इंग्रजी व्याकरणाची चौकट त्यांच्या डोळ्यासमोर होती. नामापासून केवलप्रयोगी अव्ययापर्यंत शब्दांच्या ज्या आठ जाती आपण पाठ करतो, त्या इंग्रजीच्या पार्ट्स ऑफ स्पीचशी एकास एक जुळतात त्या काय उगाच? सहावीच्या मुलाला प्रीपोझिशन म्हणजे काय हे नव्याने शिकवायची गरजच नाही. शब्दयोगी अव्यय त्याला येतं. फक्त मराठीत ते नामाच्या मागून चिकटतं, 'टेबलावर', आणि इंग्रजीत ते पुढे उभं राहतं, 'ऑन द टेबल'. पाच मिनिटांचं काम आहे. ते सोडून आपण व्याख्या लिहून देतो, तीही इंग्रजीतून.

जिथे दोन्ही भाषा जुळत नाहीत तिथे तर शेजारी ठेवून दाखवणं जास्तच गरजेचं आहे. सगळ्यात मोठा घोळ पॅसिव्हचा. मराठीच्या बाई सांगतात, 'रामाने आंबा खाल्ला' हा कर्मणी प्रयोग. बरोबरच आहे, चिंच असली तर 'खाल्ली' होतं, क्रियापद कर्माच्या मागे चालतं. पुढच्या तासाला हेच वाक्य इंग्रजीत 'राम एट अ मँगो' होतं आणि सर म्हणतात, हे ॲक्टिव्ह. हुशार मूल इथेच गोंधळतं. मग पॅसिव्ह समजावायला 'आंबा रामाकडून खाल्ला गेला' असं वाक्य फळ्यावर येतं. उभ्या महाराष्ट्रात कोणाच्या घरी असा आंबा खाल्ला जातो?

त्यापेक्षा 'चोराला पकडलं' हे वाक्य घ्या. कोणी पकडलं? माहीत नाही, किंवा सांगायची गरज नाही. इंग्रजीत 'द थीफ वॉज कॉट' म्हणतात ते याचसाठी. कर्ता लपवायचा असला की पॅसिव्ह, हे मुलांना एका झटक्यात कळतं, कारण घरात कप फुटला की तीही 'कप फुटला'च म्हणतात, 'मी फोडला' कोण म्हणतं!

आता अलंकार. उपमा, रूपक, अतिशयोक्ती, अनुप्रास, चेतनगुणोक्ती हे सगळं मराठीत येतं. तरी सिमिली, मेटाफर, हायपरबोली, पर्सोनिफिकेशन जणू आकाशातून पडलेत असं शिकवलं जातं. ऑनोमॅटोपिया, म्हणजे आवाजाची नक्कल करणारे शब्द, याचं स्पेलिंग पाठ करण्यात आठवडा जातो. रिमझिम, कडकड, खळखळ, फडफड रोज बोलणाऱ्या आणि मराठीच्या तासाला अभ्यस्त शब्द शिकलेल्या पोरांना यात नवीन काय आहे, स्पेलिंग सोडून?

पुढे दहावीला कवितेच्या रसग्रहणाला गुण असतात. यमकाची रचना सांगा, एक अलंकार सांगा, आशय लिहा. त्याची तयारी म्हणून आठवीपासूनच गाईडमधून 'ए ए बी बी' पाठ. पण यमक कानाने ओळखायचं असतं, हे सांगायचं राहून जातं. आपल्याकडे जसं लिहितो जवळपास तसंच वाचतो, म्हणून मुलं शेवटची अक्षरं बघतात. 'कम' आणि 'होम'च्या स्पेलिंगच्या शेवटी तीच तीन अक्षरं, ओ-एम-ई, मुलगा यमक लिहून मोकळा. 'ब्लू', 'थ्रू' आणि 'शू' दिसायला वेगळे, पण जुळतात. कविता मोठ्याने वाचून घेतली तर हे सांगावंही लागत नाही. पण मोठ्याने वाचायला तासाला वेळ कुठे!

लेखनाबद्दल फार बोलत नाही. पत्राचा साचा, माझे आवडते शिक्षक, एकाच गाईडमधला मजकूर चाळीस वह्यांत. वाचतानाच कंटाळा येतो.

तरी मधूनच कोणीतरी स्वतःचं लिहितं. आठवीतल्या एका मुलाने 'माझं गाव'वर पाच ओळी लिहिल्या, त्यात हे होतं: 'लाईट इज अँग्री विथ अस. शी कम्स ॲट नाईट. पप्पा गो टू फार्म.' शेतीपंपाला रात्रीची वीज, वडील अंधारात पाणी द्यायला जातात, सगळं तीन वाक्यांत आलं. 'गो'चं 'गोज' मी केलं. 'शी'वर थांबले. मराठीत लाईट 'ती', म्हणून आपसूक 'शी' आलं. व्याकरणाच्या हिशेबाने तिथे 'इट' हवं. पण मागच्याच वाक्यात ती रुसलीय! मी त्याला विचारलं, "लाईट माणसासारखी वागते का रे इथं?" तो म्हणाला, "वागतेच की, आमच्यावर राग आहे तिचा." मराठीतल्या कोणत्या अलंकारासारखं वाटतं विचारल्यावर चेतनगुणोक्ती त्यानेच सांगितलं. मग पर्सोनिफिकेशन हा शब्द दिला. 'शी' तसंच ठेवलं.

यावर एका सहकाऱ्यांचा आक्षेप आला, की बोर्डाच्या पेपरात असं चालणार नाही. नसेल चालत. पण आठवीचा पेपर बोर्ड काढत नाही, आम्हीच काढतो. 'टू' (too) काढून वाक्य लिहा, 'नो सूनर' घालून लिहा, हेच प्रश्न दरवर्षी घालायची सक्ती आमच्यावर कोणी केलीय? २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधीची पिढी पाचवीत एबीसीडीला बसायची. तेवढी वर्षं वाढवून मिळाली, तरी आठवीच्या पेपरातले प्रश्न मात्र माझ्या लहानपणी होते तेच.

पुढच्या महिन्यात आमच्या मराठीच्या बाई आणि मी एकाच आठवड्यात अलंकार घेणार आहोत. मुलांनी लिहिलेले तेच परिच्छेद दोन्ही तासांना वापरायचे ठरलंय. वेळापत्रकात तास शेजारी आणायला मुख्याध्यापक तयार झालेत, पीटीच्या सरांचा होकार तेवढा बाकी आहे.