बेक्कु यार्री?

काल बेळगावच्या गणपत गल्लीत नारळ वाजवून बघत उभा होतो. मागून हाक आली, "ओ बेक्कु!" आणि मी वळलो. हाक मारल्याचं दुःख नाही, वळलो त्याचं आहे.

बेक्कु म्हणजे कानडीत मांजर. पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत लोक मला माझ्या नावाने ओळखत होते. मग आमच्या सात वर्षांच्या चिमीच्या शिंका थांबेनात, सकाळी डोळे सुजायला लागले, रात्री छातीत बारीक शिट्टी वाजायला लागली आणि आम्ही एका दवाखान्यात पोचलो. तिथला कंपाउंडर नंबर नव्हे, रोग पुकारत होता. "धूळ यार्री?" एक बाई उठल्या. "शेंगा यार्री?" एक पोरगं उठलं. "बेक्कु यार्री?" कुणीच उठेना. दुसऱ्यांदा त्याने सरळ माझ्याकडे बोट केलं, "बेक्कु, ओळग बर्री!" अख्खा हॉल माझ्या मिशा बघायला लागला.

आत काम पाच मिनिटांचं. हातावर पेनाने आकडे मांडायचे, प्रत्येकापाशी एकेक थेंब, वर सुईची टोच, आणि वीस मिनिटं बाहेर बसा. जिथे गांधी उठेल तो गुन्हेगार. त्या वीस मिनिटांत माझ्या शेजारी येळ्ळूरचे एक मामा येऊन बसले. डोक्यावरची प्लास्टिकची खोळ त्यांनी काढली आणि माझ्या मांडीवर निथळत ठेवली.

"मांजराचं काय ओ?"

"पोरीला मांजराची अॅलर्जी आहे का बघतायत."

"मग मांजर आणलं कशाला?"

इथे माझी जुनी जखम आहे. मांजर नको म्हणणारा घरात मी एकटा होतो. तीन महिने म्हणत होतो. एका शुक्रवारी चिमी ते पिल्लू फ्रॉकमध्ये गुंडाळून घेऊन आली, आई म्हणाली शुक्रवारची आली म्हणजे लक्ष्मी, बायको म्हणाली बघा कशी कुंद्याच्या रंगाची आहे, आणि बारसं झालंसुद्धा. कुंदा! बेळगावात मिठाईशिवाय दुसरं सुचणार काय? आमची एक चुलत आत्या त्याच नावाची आहे. फोनवर तिने "कुंदा, हो बाहेर! मेली दुधात तोंड घालते!" एवढं ऐकलं, त्यानंतर ती आमच्याकडे आलेली नाही. तोही माझाच दोष.

हे सगळं मामांना सांगितलं. त्यांनी एवढंच ऐकलं की मांजर आहे.

"आमच्यात नऊ हाईत. वर चार म्हसरं. खरं कुणाला काय न्हाई," असं म्हणून त्यांनी सलग सहा शिंका दिल्या. "गारवा," ते म्हणाले. "आमच्या टायमाला ही अॅलर्जी नव्हतीच."

मी म्हटलं, मामा, व्हिएन्नाच्या एका लहान मुलांच्या डॉक्टराने हा शब्द १९०६ साली काढलाय.

"कुठल्या गावच्या?"

"व्हिएन्ना."

"तिकडं आसंल," मामा म्हणाले. "एक करा. न्हाव्याकडं नेऊन मांजराचे केस उतरवा."

केसांचं काही नसतं, हे मला डॉक्टरांनी नुकतंच समजावलं होतं, त्यामुळे मी जोरात होतो. मांजराच्या लाळेत नि कातडीत एक प्रोटीन असतं. मांजर अंग चाटत बसतं, थुंकी वाळते, त्याचा कोंडा तासन् तास हवेत तरंगतो, कपड्यांना चिकटून मांजर नसलेल्या घरांतसुद्धा पोचतो. "त्याचं नाव फेल डी वन," मी म्हटलं.

"फेल?" मामांचा आवाज चढला. "पोरगी फेल झाली?"

हॉल हळहळला. धूळवाल्या बाई पुढे सरकून म्हणाल्या, "आत्तापासनं ट्यूशन लावा की ओ. पहिलीतच आसं झालं तर कसं?" चिमी रडायला लागली. हात टोचताना रडली नव्हती.

वीस मिनिटांनी मांजराच्या आकड्यापाशी चांगली टपोरी गांधी होती. डॉक्टर म्हणाले, मांजर दुसरीकडे देता आलं तर उत्तम. पण दिलं तरी घरातला कोंडा काही महिने जात नाही. वर असंही म्हणाले, की तान्हेपणापासून गोठ्यात वावरलेल्या मुलांत अॅलर्जी कमी दिसते. दार उघडंच होतं. "बगा!" बाहेरून मामा ओरडले.

मग घरी सभा. मांजर आणली कुणी, हा विषय कुणी काढलाच नाही. घालवणार कोण, यावर मात्र तिघींचं एकमत होतं. चिमी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. शेवटी तोडगा निघाला: कुंदा घरातच राहील, फक्त बेडरूमचा उंबरठा ही सीमा. सीमेचं आम्हाला काय नवल? महाजन आयोगाने १९६७ साली सीमावादावर अहवाल दिला, तो महाराष्ट्राने मानला नाही. बायकोने दिलेला कुंदाने मानला नाही. मी मात्र पाळतो, कारण मला पाळावाच लागतो. कुंदा माझ्या अंगाखांद्यावर बसते, म्हणून अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय मला पोरीजवळ जायचं नाही. आठ दिवस हॉलमधल्या दिवाणावर झोपतोय. उशी कुंदाकडे आहे.

गोळीचा खर्च माझा, गाद्या उन्हात टाकणं माझ्याकडे (आणि बेळगावच्या पावसात ऊन आणायचं कुठून?), आणि रोज रात्री "कुंदाला दूध दिलंत का?" हेही मलाच.

तर काल गल्लीत हाक मारणारे तेच, येळ्ळूरचे मामा. पोरीचं एका शब्दाने विचारलं नाही.

"मांजर कसं हाय?"

"मजेत. जाड झालीय."

मामा थांबले. शिंकले. "कुठं जाड? अंगानं का पोटात?"

"पोटात."

"पोट खाली लोंबालंय?"

"थोडंसं."

"बरं झालं," मामा म्हणाले. "भाताला उंदीर लई झालेत. दोन आमच्यासाठी ठेवा."

नारळ तिथेच टाकून घरी आलो. कुंदा दिवाणावर पसरली होती. मी वाकून बराच वेळ बघत राहिलो.

"दूध मानवलंय की तिला," आई आतून म्हणाली.