आईची छोटी गीता आणि हक्कसोड

भाचीच्या केळवणाहून आत्ता घरी आले. अजून साडीही बदललेली नाही. हे लिहून टाकलं नाही तर रात्रभर डोळ्याला डोळा लागणार नाही.

जेवणं झाली, ओटी भरून झाली. मग घरातल्या एका ज्येष्ठांनी तिच्या हातात गीता ठेवली. गोरखपूरच्या गीता प्रेसची. मला इतकं बरं वाटलं! मिक्सर आणि डिनर सेटच्या ढिगात कुणीतरी गीता देतंय. मग ते बोलायला उभे राहिले. बेटा, आता तू सासरची. माहेरच्या वावरावर, घरावर नजर ठेवायची नाही, भावाचं ते भावाचं. आपला धर्म हेच सांगतो, आणि ही गीता ज्यांनी घरोघरी पोचवली त्या भाईजींनीही हेच सांगितलं.

बायका माना डोलवत होत्या. भाची पुस्तकाकडे बघत राहिली. आणि मी, पन्नाशी ओलांडलेली बाई, लग्नघरात वाद नको म्हणून गप्प बसले. माझा अर्धा संताप त्या गप्प बसण्याचाच आहे.

तुम्ही सगळे मला ओळखता. मी देवधर्म मानणारी आहे, गीता प्रेसच्या पुस्तकांवर वाढलेली आहे. माझ्या आईकडे त्यांची तळहाताएवढी गीता होती, वर संस्कृत श्लोक आणि खाली हिंदी अर्थ. शेजारच्या आजींनी काशीहून आणून दिलेली. चौथी शिकलेली माझी आई त्या पुस्तकावर बोट फिरवत फिरवत हिंदी वाचायला शिकली. म्हणून ज्या घरानं ती छापली त्याबद्दल मी जिथे मिळेल तिथे वाचत आले.

आणि ती गोष्ट आहेच तशी. जयदयाल गोयंदका हे राजस्थानातल्या चुरूचे व्यापारी. व्यापाराच्या निमित्ताने गावोगाव फिरायचे आणि जातील तिथे सत्संग करायचे. लोकांच्या हातात शुद्ध गीता असावी म्हणून त्यांनी कलकत्त्यात ती छापून घेतली. छपाईत चुका निघाल्या, दुरुस्त्या काही संपेनात. तेव्हा छापखानेवाल्यानं सांगितलं, इतकी शुद्ध हवी असेल तर स्वतःचा छापखाना काढा. त्यांनी खरंच काढला! गोरखपूरचे घनश्यामदास जालान पुढे आले आणि 1923 साली महिना 10 रुपये भाड्याच्या जागेत काम सुरू झालं. एका अक्षराच्या चुकीपायी माणसं छापखाना काढतात. आज आपण व्हॉट्सअ‍ॅपवर श्लोक पुढे ढकलतो, त्यात चार चुका असतात.

आणि भाईजी, म्हणजे हनुमानप्रसाद पोद्दार. क्रांतिकारकांशी संबंधांवरून तरुणपणी इंग्रजांनी त्यांना पकडलं, बंगालमधल्या एका खेड्यात नजरकैदेत ठेवलं. तिथून सुटून ते आपल्या मुंबईत आले, जमनालाल बजाजांच्या मदतीनं धंद्याला लागले. गीता प्रेसचं ‘कल्याण’ मासिक 1926 साली सुरू झालं तेही मुंबईतच. पहिला अंक खेतवाडीतल्या वेंकटेश्वर प्रेसमध्ये छापला गेला. गांधीजींनी त्यांना सल्ला दिला होता की जाहिराती घेऊ नका आणि पुस्तक-परीक्षणं छापू नका. तो नियम या मासिकानं आजवर पाळला आहे. वर्षभरात मासिक गोरखपूरला गेलं आणि 1971 साली जाईपर्यंत भाईजी त्याचे संपादक राहिले.

म्हणून 2023 मध्ये 2021 सालचा गांधी शांतता पुरस्कार गीता प्रेसला जाहीर झाला आणि त्यांनी एक कोटीची रक्कम नाकारली, फक्त सन्मान घेतला, तेव्हा मला नवल वाटलं नाही. देणगी मागायची नाही ही त्या घराची रीतच आहे. तोवर 14 भाषांत 41.7 कोटी पुस्तकं छापून झाली होती, त्यात 16.21 कोटी गीता. त्यातली एक आईची.

आता ती आईची गोष्ट, जी आज जेवणाच्या पंगतीत माझ्या घशात अडकली होती.

1986 साल. माझे आजोबा वारले, अकोला जिल्ह्यात त्यांचं अकरा एकर वावर होतं. तीन मामा, दोघी बहिणी. मी बारा वर्षांची. तालुक्याच्या गावी नोंदणी कार्यालयाबाहेर बाकावर मला बसवलं, धाकट्या मामानं उसाचा रस पाजला. आत आई आणि मावशीनं हक्कसोडपत्रावर सह्या केल्या, अंगठे उठवले. बाहेर आली तेव्हा आईच्या अंगठ्याला निळी शाई होती. मामांनी दोघींना एकेक साडी घेतली. परतीच्या एसटीत आईनं पिशवीतून गीता काढली, पंधरावा अध्याय उघडला आणि वाचत बसली. त्या पानाच्या कडेला निळा डाग पडला, तो अजून आहे. मी विचारलं, आई, तू का दिलं? ती म्हणाली, माहेर तुटायला नको गं.

आज त्या माणसानं जे म्हटलं त्याचा त्रास होतो, कारण भाईजींबद्दल ते खोटं बोलले नाहीत. हिंदूंचे लग्नाचे, वारशाचे कायदे बदलणारं हिंदू कोड बिल आलं तेव्हा ‘कल्याण’ त्याच्या विरोधात उभं राहिलं. बायकांना वारसा, बायकांना घटस्फोट, सगळ्याला विरोध. डॉ. आंबेडकर आपल्या आया-मावश्यांसाठी ते बिल हातात घेऊन झगडत होते आणि इकडे घरोघरी पोचणारं, बायका पूजेनंतर वाचायच्या ते मासिक सांगत होतं की मुलीला वाटा दिला तर घर मोडेल. 1951 साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं, त्यामागे या बिलाची दैना हेही मोठं कारण होतं. शेवटी 1956 साली वारसा कायदा झाला तोही तुकड्यांतून. अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशालाही भाईजींचा विरोधच होता, त्यावरून तर गांधीजींशीही त्यांचं बिनसलं. इथे साने गुरुजी पंढरपूरच्या दारासाठी 1947 साली प्राण पणाला लावून उपोषणाला बसले होते. ते काय धर्म सोडून बसले होते का?

हो, त्या काळी भले भले विरोधात होते हे मला ठाऊक आहे. राजेंद्रप्रसादांनाही ते बिल मान्य नव्हतं, आणि 1955 साली गीता प्रेसच्या प्रवेशद्वाराचं उद्‌घाटन त्यांच्याच हातून झालं. काळ तसा होता. बरं. पण आज तर तो काळ नाही ना! मग आजच्या पोरीच्या हातात पुस्तक देताना तेच कशाला उकरून काढायचं?

आणि गीतेचं नाव का घेता? 700 श्लोक आहेत. बहिणीनं वाटा सोडावा असा एक काढून दाखवा. मुळात ते युद्ध उभं राहिलं कशासाठी? वाट्यासाठी! पाच गावंसुद्धा देत नव्हते म्हणून. अर्जुन म्हणत होता, नको मला राज्य, आपलीच माणसं आहेत, भीक मागून खाईन. माझ्या आईसारखंच बोलत होता तो. त्याला देवानं काय सांगितलं, सही करून घरी जा? ऊठ म्हणाला. मग माझ्या आईला कुणीच ऊठ का म्हणालं नाही? ती आयुष्यभर तेच पुस्तक वाचत होती.

नवव्या अध्यायातला, पापयोनींच्या जोडीनं बायकांचा उल्लेख असलेला श्लोक मला माहीत आहे. कमेंटमध्ये कुणी तो टाकणारच, म्हणून आधीच सांगते. तो मलाही टोचतो.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. भाईजींवर चिडताना मला आईचा चेहरा दिसतो. ‘कल्याण’चा विशेषांक हाती आला की ती आधी कपाळाला लावायची. त्यातली रंगीत चित्रं कापून तिनं देवघरात चिकटवली होती. ही पुस्तकं इतकी स्वस्त नसती तर चौथी शिकलेल्या, हातात चार पैसे नसलेल्या बाईच्या वाट्याला गीता आली असती का? नसती. या घरानं माझ्या आईला वाचायला दिलं. तिला हिस्सा मिळू नये असंही याच घराला वाटत होतं. मला दोन्ही एकत्र धरून ठेवता येत नाही आणि एकही सोडवत नाही.

विनोबांच्या आईला संस्कृत गीता कळेना, तेव्हा ती म्हणाली, विन्या, तूच का नाही मराठीत करत? त्यातून ‘गीताई’ झाली. त्या बाईनं मागितलं म्हणून आपल्याला ती मिळाली. माझ्या आईनं कधीच काही मागितलं नाही.

एकदा मात्र तिच्या मनात आलं होतं. महाराष्ट्रानं 1994 सालीच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा हक्क दिला होता, पण तो आधीच लग्न झालेल्यांना नव्हता. मग 2005 साली लग्न झालेल्या मुलींनाही तो हक्क देणारा केंद्राचा नवा कायदा आला. पेपरात मोठी बातमी होती. आई साठ वर्षांची. चष्मा लावून दोनदा वाचली आणि मला विचारलं, आता मागितलं तर? मी बोलायच्या आतच म्हणाली, जाऊ दे, सही झालेली आहे. मग कात्रीनं ती बातमी नीट कापली आणि ठेवून दिली. कुठे ठेवली ते मी विचारलं नाही.

ती 2014 साली गेली. मामांची वावरं आता प्लॉट पाडून विकली गेलीत.

हे लिहिताना मध्येच उठले आणि कपाटातून तिची गीता काढली. पंधराव्या अध्यायात निळा डाग आहे, आणि त्याच पानात घडी घातलेलं, पिवळं पडलेलं कात्रण. इतकी वर्षं ही माझ्याकडे आहे आणि मी ते पान कधी उघडलंच नव्हतं.

उद्या सकाळी भाचीकडे जाते. आज मिळालेली नवी गीता तिनं जरूर ठेवावी, अक्षर मोठं आहे. ही जुनीही तिलाच देणार आहे, कात्रणासकट. आणि तिच्या बाबांशी, म्हणजे माझ्या भावाशी, लग्नाआधी बसून बोलायचंय. भाऊ, तू हे वाचत असशील तर चहा टाकून ठेव.