टीव्ही आला की पगार सुरू होतो, हे कुणी सांगितलं?

गेल्या आठवड्यात ताईने मला एक लांबलचक मेसेज पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, "हे खरं आहे का रे? तुला यातलं कळतं." मेसेज तिच्या मुलाला त्याच्या कंपनीच्या ग्रुपवर आलेला. भाचा बावीस वर्षांचा. सहा वर्षं तालमीत काढली आणि गेले आठ महिने एका छोट्या प्रो रेसलिंग कंपनीत आहे. आठ महिन्यांत त्याला एक रुपया मिळालेला नाही. नंतर तोच मेसेज मला आणखी दोन ग्रुपवर दिसला, म्हणून उत्तरही सगळ्यांसमोर देतो.

मेसेजचं म्हणणं असं. अमेरिकेतल्या मोठ्या रेसलिंग कंपन्या आधी लहानच होत्या, देशभरच्या चॅनेलवर गेल्या आणि पैसा आला. त्यातली ईसीडब्ल्यू तर एक नंबरला पोचली असती, पण डब्ल्यूडब्ल्यूएफ (नंतरची डब्ल्यूडब्ल्यूई) या बड्या कंपनीच्या मालकाने, व्हिन्स मॅकमेहनने ती संपवली. 2019 सालच्या एईडब्ल्यू कंपनीला पाच महिन्यांत चॅनेल मिळालं, म्हणजे ते काही अवघड नाही. आपल्याकडे टीव्हीवरचं अशाच कुस्तीचं 'रिंग का किंग' बंद पडलं ते लोक या कुस्तीला खोटी म्हणतात म्हणून. आणि शेवटी: आपलं चॅनेलशी बोलणं चालू आहे, आज जे बिनपगारी घाम गाळतील त्यांनाच उद्या वाटा मिळेल.

मी शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे चार मुद्दे त्याच्यासाठीच मांडलेत.

चॅनेल मिळालं की पैलवानांचे पैसे निघतात, हे धडधडीत खोटं आहे. आणि ते खोटं पाडायला मेसेजमधलंच उदाहरण पुरतं. फिलाडेल्फियाच्या एका बिंगो हॉलमध्ये वाढलेल्या ईसीडब्ल्यूला देशभरचं चॅनेल मिळालं होतं. 27 ऑगस्ट 1999 ला, शुक्रवारी, टीएनएन या केबल चॅनेलवर तिचा कार्यक्रम सुरू झाला. त्याआधी वर्षानुवर्षं कंपनी चालवणारा पॉल हेमन स्थानिक केबलवर मध्यरात्रीच्या वेळा धरून कार्यक्रम दाखवत होता. पोरांनी हाडं मोडून घेतली ती याच दिवसाच्या आशेवर. तो दिवस आला. मग काय झालं?

आठ महिने पुरे व्हायच्या आत कंपनीचा चालू चॅम्पियन सोडून गेला. माइक ऑसम. थकलेले पैसे दिल्याशिवाय नव्या करारावर सही करणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. एप्रिल 2000 मध्ये तो थेट प्रतिस्पर्धी डब्ल्यूसीडब्ल्यूच्या कार्यक्रमात दिसला. त्याच्याकडचा पट्टा परत मिळवायला ईसीडब्ल्यूला डब्ल्यूडब्ल्यूएफच्या करारात असलेला टॅझ उसना आणावा लागला. म्हणजे एका कंपनीच्या पैलवानाने दुसऱ्या कंपनीच्या पैलवानाला पाडलं आणि पट्टा तिसऱ्या कंपनीचा. रेसलिंगचे चाहते हा किस्सा मोठ्या कौतुकाने सांगतात. मला त्यात फक्त एवढंच दिसतं की देशभर टीव्हीवर असलेल्या कंपनीला आपल्या चॅम्पियनचा पगार देता येत नव्हता.

एप्रिल 2001 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यातले आकडे प्रसिद्ध आहेत आणि माझ्या भाच्याने ते पाठ करावेत असं मला वाटतं. देणी 88 लाख 81 हजार डॉलर. मालमत्ता 13 लाख 85 हजार 500 डॉलर, आणि त्यातही मोठा हिस्सा दुसऱ्यांकडून यायच्या रकमांचा. जुन्या टेप्सची किंमत धरली होती 5 लाख. एक 1998 सालचा फोर्ड ट्रक, साडेएकोणीस हजारांचा. उरलेला टी-शर्ट वगैरे माल, चार हजारांचा. आणि देणेकऱ्यांच्या यादीत पैलवानांची नावं. रॉब व्हॅन डॅम, दीड लाख डॉलर. टॉमी ड्रीमर, एक लाख. कॉमेंटरी करणारा जोई स्टाइल्स, पन्नास हजारांवर. रॉब व्हॅन डॅम जवळजवळ दोन वर्षं त्या कंपनीचा 'टेलिव्हिजन चॅम्पियन' होता. पट्ट्यावर टेलिव्हिजन लिहिलेलं आणि दीड लाख बुडीत खात्यात.

ही त्या कंपनीतली सर्वांत मोठी नावं. रिंग उभी करणाऱ्या, लोखंडी अँगल आणि प्लायवूडच्या फळ्या वाहणाऱ्या नवख्या पोराची गत काय होते ते सांगायला नको. माझा भाचा हेच करतो. दुपारी टेम्पोतून फळ्या उतरवायच्या, त्यावर फोमचा पातळ थर, वर कॅनव्हास ताणायचं, आणि संध्याकाळी त्याच फळ्यांवर पाठ आपटायची. ताईला हे कळलं तो आंघोळीला निघाला तेव्हा. दोन्ही खांद्यांच्या मधे पाटीएवढा काळानिळा पट्टा. गुडघ्याच्या एमआरआयचे पैसे तिनेच भरले.

आमच्याकडे जत्रेच्या फडात जोड लावताना इनाम आधी पुकारतात. कुस्ती निकाली झाली की पंच तिथेच, माती झटकायच्या आत, पैसे हातावर ठेवतात. बरोबरीत सुटली तरी दोघांना काहीतरी मिळतं. पाचशेचं इनाम असो की लाखाचं, गावाने पुकारलं म्हणजे गावाने दिलं. एवढी रीत एका खेडेगावच्या यात्रा कमिटीला पाळता येते. ज्या कंपनीला ती पाळता येत नाही, तिला टीव्हीचा करार झाल्यावर ती एकदम कशी जमेल?

करार झाला म्हणजे पैसे आले हा हिशेबच उलटा आहे. छोट्या कंपनीसाठी टीव्ही आधी खर्च असतो. कधी चॅनेलकडून वेळच विकत घ्यावी लागते. वेळ फुकट मिळाली तरी कॅमेरे, दिवे, एडिटिंग, मोठा हॉल, सगळ्यांचा प्रवास कंपनीच्या डोक्यावर येतो. चॅनेल तुम्हाला हक्काचे पैसे मोजतं ते तुमच्याशिवाय त्याचं अडायला लागल्यावर. टीएनए या दुसऱ्या अमेरिकन रेसलिंग कंपनीची गोष्ट बघा. 2002 साली सुरू झाली, दर आठवड्याला लोकांकडून 9.95 डॉलर घेऊन पे-पर-व्ह्यूवर दिसायची. जून 2004 मध्ये फॉक्स स्पोर्ट्स नेटवर गेली, तीही शुक्रवारी दुपारी, पैसे मोजून. वर्षभरात ती वेळही गेली आणि मधले काही महिने कार्यक्रम नुसता इंटरनेटवर दाखवावा लागला. ऑक्टोबर 2005 मध्ये स्पाइक टीव्ही मिळालं ते डब्ल्यूडब्ल्यूई तिथून बाहेर पडल्यावर, शनिवारी रात्री अकराला. मागे पँडा एनर्जीसारख्या ऊर्जा कंपनीचा पैसा होता म्हणून ती एवढा काळ तगली. म्हणजे चॅनेलपर्यंत पोचेस्तोवर पैसा कंपनीने ओतायचा असतो. पोरांनी नाही.

मॅकमेहनचा मुद्दा अर्धा खरा आहे, मानतो. सप्टेंबर 2000 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफचा दर आठवड्याचा कार्यक्रम 'रॉ' टीएनएनवर आला आणि 6 ऑक्टोबरला ईसीडब्ल्यूचा शेवटचा भाग दाखवला गेला. एकाच चॅनेलवर दोघांना जागा नव्हती. पण ऑसम त्याच्या पाच महिने आधी गेला होता. पैसे आधीच थकले होते. आणि 1997 मध्ये याच मॅकमेहनने ईसीडब्ल्यूच्या पैलवानांना 'रॉ'वर आणून त्यांच्या पहिल्या पे-पर-व्ह्यूची जाहिरात होऊ दिली होती, तेही मेसेजमध्ये नाही.

टीव्हीशिवाय कंपनी मरते हेही खरं. मार्च 2001 मध्ये टर्नर या टीव्ही कंपनीच्या चॅनेलांनी डब्ल्यूसीडब्ल्यूचे कार्यक्रम बंद करायचं ठरवलं, तेव्हा ती घ्यायला निघालेले लोक मागे फिरले आणि कंपनी मॅकमेहनच्या हाती गेली. म्हणून टीव्हीमागे धावू नका असं मी म्हणत नाही. धावा, पण स्वतःच्या पैशाने.

एईडब्ल्यूबद्दल फार बोलायला नको. 1 जानेवारी 2019 ला जाहीर झाली, मे महिन्यात टीएनटी हे चॅनेल मिळालं, इथवर बरोबर. पण मागे जॅक्सनव्हिल जॅग्वार्स या फुटबॉल संघाचे मालक शाहिद खान यांची अब्जावधींची संपत्ती होती. आणि ती कंपनी उभी करणाऱ्या पैलवानांनी आदल्या वर्षी शिकागोजवळ स्वतःच्या हिमतीवर शो लावून दहा हजारांवर तिकिटं विकली होती. भाच्याच्या कंपनीचा मागचा शो मंगल कार्यालयात झाला. मी गेलो होतो. समोर सत्तर माणसं, त्यातले निम्मे पैलवानांच्या घरचे.

'रिंग का किंग' मात्र मला लागलं, कारण ते आपल्या पुण्यातलं. डिसेंबर 2011 मध्ये बालेवाडीला त्याचं चित्रीकरण झालं तेव्हा मी याच भाच्याला खांद्यावर बसवून घेऊन गेलो होतो. टीएनएचे लोक होते, एंडेमॉल या टीव्ही कंपनीची निर्मिती, हरभजन सिंग जाहिरातीत, आणि जानेवारी 2012 पासून कलर्सवर 26 भाग. लोक खोटं खोटं म्हणून उठून गेले? आमच्या मागच्या रांगेतले काका उभं राहून ओरडत होते. निकाल ठरलेला असतो हे तिथल्या लहान पोरांनाही माहीत होतं. पडणं ठरवून होत असलं तरी फळी पाठीला लागतेच, हे सगळ्यांना दिसत होतं. पुढचा हंगाम आलाच नाही, पण त्याचं खापर त्या प्रेक्षकांवर फोडू नका. देशातलं मोठं चॅनेल मिळूनही तो खेळ 26 भागांवर थांबला, आणि मेसेजवाल्याने हे उदाहरण देऊन स्वतःचाच मुद्दा खोडला.

ताई, त्याला अडवू नकोस. त्याला हे काम आवडतं आणि जमतंही. फक्त रविवारच्या शोला जाण्याआधी त्याने मालकाकडून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: एका शोचे किती रुपये, कधी देणार, आणि दुखापत झाली तर दवाखान्याचं बिल कोण भरणार. मालक म्हणाला की टीव्हीचा करार झाल्यावर बघू, तर रिंगच्या फळ्या त्या दिवशी मालकाने उचलाव्यात.