नोंदणी आहे, पण कशाची?

फॅमिली ग्रुपांवर सध्या हा मेसेज फिरतोय: "आईवडिलांना वृद्धाश्रमात किंवा केअर सेंटरला ठेवताना फक्त सरकारी रजिस्ट्रेशन नंबर बघा. नंबर आहे म्हणजे सरकारने जागा तपासून परवाना दिलाय. सीनियर लिव्हिंग (ज्येष्ठांसाठीचे गृहप्रकल्प) असेल तर महारेरा (गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) आहेच." हेतू चांगला, माहिती चुकीची.

"नंबर म्हणजे परवाना." आत्यासाठी जागा बघताना एका ऑफिसच्या भिंतीवर तीन फ्रेमा दिसल्या. पहिली धर्मादाय आयुक्तांकडची, 1950 च्या कायद्याखालची न्यासनोंदणी, म्हणजे ट्रस्टची नोंदणी. तिचा संबंध विश्वस्त, मालमत्ता आणि हिशेबाशी. दुसरा गुमास्ता, म्हणजे दुकान-आस्थापनांची नोंदणी; तिचा विषय कामगारांचे तास नि सुट्ट्या. तिसरं उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची नोंदणी, ते तर स्वतःच ऑनलाइन माहिती भरून मिळतं. रात्री नऊ खाटांमागे एकच मावशी असते आणि संडासात धरायला दांडी नाही, हे या तिन्ही कागदांनी कधी विचारलेलंच नव्हतं.

"सरकारने तपासलेलं असतं." त्यासाठीचा कागद वेगळा: 1949 च्या कायद्याखालची नर्सिंग होम नोंदणी, दर तीन वर्षांनी नूतनीकरण. आता गंमत बघा. जाहिरातीत राइल्स ट्यूब (नाकातून भरवायची नळी), कॅथेटर (लघवीची नळी), बेडसोअर (पडून राहून होणाऱ्या जखमा) सगळ्याची काळजी घेतो असं असतं. ही नोंदणी मागितली की उत्तर येतं, "आमचं हॉस्पिटल नाही हो, घरगुती वातावरण आहे." पण त्या कायद्यातल्या नर्सिंग होमच्या व्याख्येत आजार आणि इजेबरोबर दुर्बलताही आहे, अशा माणसांना ठेवून उपचार आणि शुश्रूषा करणारी जागा त्यात येते. नळीने भरवता ना? मग हा कागद मागायचाच, संकोच न करता.

"2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे की!" आहे, पण त्यातलं कलम 19 राज्य सरकारने उभारायच्या वृद्धाश्रमांबद्दल आहे: जिल्ह्याला किमान एक, निदान 150 निराधार ज्येष्ठांसाठी. खासगी केंद्रांच्या नोंदणीची तरतूद 2019 च्या दुरुस्ती विधेयकात होती. ते मंजूर व्हायच्या आतच सतरावी लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बारगळलं.

राहिला महारेरा. 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी त्यांनी मार्गदर्शक तत्त्वं आणली, हे खरं. लिफ्ट, रॅम्प, 900 मिलिमीटर रुंद दारं, न घसरणाऱ्या फरश्या. उत्तमच आहे, पण हे फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरसाठी. त्या रुंद दारातून आत येऊन रोज सकाळी इन्सुलिन कोण टोचणार, हा महारेराचा विषय नाही.